पाहिला असेल तर तेवढे तरी कळवा : लघुपट महोत्सवांच्या आयोजकांना सोलापूरहून खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील लघुपट आणि अ‍ॅनिमेशन महोत्सवांचे आयोजक, निवड समित्यांचे सदस्य आणि परीक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी सोलापुरात, शहराच्या पूर्व भागात राहते आणि दिवसा एका सुताच्या पेढीवर हिशेब लिहिते. माझा भाचा आणि मी मिळून घराच्या माळ्यावर दीड वर्ष खपून चार मिनिटे वीस सेकंदांचा एक स्टॉप-मोशनपट तयार केला आणि त्यानंतरच्या चौदा महिन्यांत तो अकरा महोत्सवांकडे पाठवला. त्यांपैकी दोघांनी तो दाखवला, चौघांनी नकार कळवला आणि उरलेल्या पाच ठिकाणांहून आजतागायत एक ओळही आलेली नाही. निवड करणे हा आपला अधिकार आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मात्र तोच अर्ज अकरा वेळा भरताना जवळजवळ प्रत्येक रकान्यापाशी मी अडखळले, आणि आमच्यासारखी माणसे चित्रपट पाठवतील हे हा अर्ज आखणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसावे, असे वाटत गेले. म्हणून हे पत्र. कोणत्याही महोत्सवाचे नाव मी यात घेत नाही, कारण हे थोड्याफार फरकाने सगळीकडेच आढळले.

आधी आम्ही करतो ते काम नेमके कसे असते ते सांगते, कारण निवड समितीतल्या प्रत्येकाने ते हाताने केलेले असेलच असे नाही. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रे सरकतात. स्टॉप-मोशनमध्ये बाहुली केसभर हलवायची, हात बाजूला घ्यायचा, एक छायाचित्र काढायचे आणि पुन्हा केसभर हलवायची. एकेक छायाचित्र दोनदा वापरले की सेकंदाला १२ छायाचित्रांत भागते. ही काही हौशी माणसांनी काढलेली पळवाट नव्हे, मोठमोठे स्टुडिओही पुष्कळदा असेच करतात. या हिशेबाने आमच्या २६० सेकंदांना ३,१२० छायाचित्रे लागली, आणि फुकट गेलेली धरली तर पाच हजारांच्या वर. रात्र चांगली गेली तर साठ-सत्तर छायाचित्रे होत, म्हणजे पडद्यावरचे पाच-सहा सेकंद.

चित्रपट विडी वळणाऱ्या एका बाईविषयी आहे. माझ्या आईने एकतीस वर्षे विड्या वळल्या, त्यामुळे विषय शोधायला लांब जावे लागले नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या तारेचा सांगाडा, त्यावर कापूस आणि चिंध्या, चेहरा आणि हात प्लॅस्टिसिन या मऊ मातीचे, मांडीवर बांबूच्या कामट्यांचे तळहाताएवढे सूप, अशी ती बाहुली आहे. पाने मात्र आम्ही हट्टाने खऱ्या तेंदूची घेतली आणि तिथेच फसलो. तेंदूचे पान भिजवून ओल्या गोणपाटात ठेवतात, तेव्हा ते कात्रीखाली मऊ येते. दिव्याच्या उष्णतेत ते अर्ध्या तासात कडा मुडपू लागते. आम्ही बाहुलीचा हात हलवत होतो आणि पाने आपली आपण हलत होती. सलग चालवून पाहिले तेव्हा बाई स्वस्थ बसलेली आणि सुपातली पाने मात्र गोमेसारखी वळवळत असलेली दिसली. नऊ सेकंदांचा तो तुकडा टाकून द्यावा लागला. मग जुन्या अस्तराच्या कापडाला खळ लावून, चहाच्या पाण्यात बुडवून आणि हिरवट रंगाचा हात देऊन आम्ही पाने केली. आईने एक पान उजेडात धरून पाहिले आणि म्हणाली, "याला शिरा कुठायत? सगळी छाट निघंल." दुसऱ्या दिवशी सुईने एकेका पानावर शिरा ओढल्या.

आमच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग आहेत. माग चालू असले की माळ्याची जमीन थरथरते, ट्रायपॉडच्या पायांखाली चौघडी चादर घातली तरी थरथरते. म्हणून शेजारचे माग रात्री अकराला थांबले की आमचे काम सुरू होई. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि पत्र्याखालच्या माळ्यावर मध्यरात्रीही प्लॅस्टिसिन घट्ट होत नाही. एका दृश्यात बाईचे नाक सावकाश खाली उतरताना दिसते, ते अभिनय म्हणून नव्हे. कॅमेऱ्याचा फोकस, एक्स्पोजर, रंगसंतुलन सगळे हाताने बांधून ठेवले तरी विजेचा दाब खालीवर झाला की चित्र लुकलुकते, आणि ते घरी बसून काढून टाकण्याची कला आम्हाला अर्धीमुर्धीच साधली आहे. एका नकारपत्रात "हालचाल सफाईदार नाही आणि प्रकाशात सातत्य नाही" असे लिहिले होते. ते खरे आहे. अकरा जणांत आमच्या चित्रपटाविषयी काहीतरी नेमके लिहिणारे ते एकच पत्र, म्हणून मी ते छापून माळ्यावर लावले आहे.

आता अर्जाकडे येते. पहिला रकाना विभागाचा. कथात्म लघुपट, माहितीपट, अ‍ॅनिमेशन, विद्यार्थी, बालचित्रपट असे पर्याय असतात. विद्यार्थी विभागाला महाविद्यालयाचा दाखला लागतो. माझे वय ४४, आणि भाचा शिकत असला तरी दिग्दर्शक म्हणून नाव माझे आहे. अ‍ॅनिमेशन विभागात गेलो की आमची गाठ अशा चित्रपटांशी पडते, ज्यांच्या श्रेयनामावलीत चाळीस नावे असतात आणि ज्यांतले बहुतेक संगणकावर घडलेले असतात. त्यांच्याविषयी मला आदरच आहे, पण लुगडे आणि गालिचा एकाच गजाने मोजून कोणते वस्त्र सरस असे ठरवण्यासारखे ते आहे. दोन माणसांनी नोकरी सांभाळून घरात केलेल्या कामाला बसायला या यादीत जागाच नाही.

आणि मग बालचित्रपट. एका महोत्सवाने आम्हाला न विचारता आमचा चित्रपट परस्पर बालविभागात टाकला, बहुधा बाहुली दिसली एवढ्याच कारणाने. सकाळी दहाचा खेळ, शाळांच्या बसगाड्या दाराशी लागलेल्या, आणि पडद्यावर तंबाखूची वैधानिक सूचना लावलेला, विडी वळताना पाठीत बाक येत गेलेल्या बाईचा चित्रपट. मुलांविषयी माझी तक्रार नाही, उलट आजवर विचारला गेलेला सगळ्यांत चांगला प्रश्न त्या सभागृहातच मिळाला. दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीने विचारले, "त्या आजी डोळे का मिटत नाहीत?" आम्ही पापण्या केल्याच नव्हत्या. वळून वळून डोळ्यांची आग होणाऱ्या बाईविषयीच्या चित्रपटात तिला पापणी नाही, हे आम्हा दोघांच्या दीड वर्षात लक्षात आले नाही. पण तो चित्रपट मोठ्यांसाठी होता आणि मोठ्यांपैकी कोणी तो त्या दिवशी पाहिला नाही. बाहुली म्हणजे बालचित्रपट हे समीकरण आपण सोडून द्यावे, आणि विभाग बदलायचा असेल तर निदान एक फोन करून विचारावे.

आमच्यासारख्यांना मराठीत शब्द आहे, हौशी. आणि महाराष्ट्रात तरी या शब्दाला कमीपणा चिकटलेला नाही. राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची नाट्यस्पर्धा 'हौशी' हाच शब्द नावात मिरवते. बँकेतला कारकून, शाळेतल्या बाई, दुकानदार अशी माणसे तिच्यात तालमी करून उतरतात, ठिकठिकाणच्या केंद्रांवर प्राथमिक फेरी होते, परीक्षक नाटक पहिल्या घंटेपासून पडदा पडेपर्यंत बसून पाहतात, आणि त्याच रंगमंचावरून पुढे नावारूपाला आलेले नट-नाटककार आपल्या सगळ्यांना ठाऊक आहेत. नाटकाला जे जमते ते चार मिनिटांच्या बाहुलीपटाला का जमू नये, हे मला कळलेले नाही. मुंबईत १९९० पासून माहितीपट, लघुपट आणि अ‍ॅनिमेशनपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो, तेव्हा अ‍ॅनिमेशनला स्थान द्यावे हे या राज्यात कोणाला पटवून द्यायला नको. उणीव आहे ती हौशी अ‍ॅनिमेशनच्या रकान्याची. खरे तर आपल्याकडे या रीतीचा आरंभ घरातूनच झाला. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली पहिला कथापट पडद्यावर आणण्याआधी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र घेऊन टिपली होती आणि तीच फीत दाखवून भांडवल उभे केले होते. पुढे आगकाड्या हलवून त्यांनी 'आगकाड्यांची मौज' हा छोटा चित्रपटही केला. फिती धुण्याच्या आणि त्यांना भोके पाडण्याच्या कामात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई घरी त्यांच्या बरोबरीने राबत होत्या. आजच्या अर्जात त्यांना कोणता विभाग निवडावा लागला असता, हा विचार मनात आला तो लिहून टाकला.

भाषेच्या रकान्याशी मी अशीच थबकले. एकच भाषा निवडता येते. आमच्या चित्रपटात संवाद नाहीत, पण पार्श्वभूमीला गल्लीतले बोलणे आहे, आणि पूर्व भागातल्या गल्लीत कोणी मराठी बोलते, कोणी तेलुगू, मधूनच कन्नड किंवा दखनी ऐकू येते. मी 'मराठी' लिहिले आणि शेजारच्या तेलुगूभाषक मावशींची क्षमा मागितली. कथासार आणि दिग्दर्शकाचे मनोगत बहुतेक ठिकाणी फक्त इंग्रजीत मागतात, तेही शब्दमर्यादेसह. महाराष्ट्रात भरणाऱ्या महोत्सवाने मराठीत लिहिलेले मनोगत स्वीकारावे ही मागणी मला मोठी वाटत नाही. माझ्या वाक्यांचे इंग्रजी भाच्याने केले. त्यात आई 'तंबाखू उद्योगातील कामगार' झाली आणि सूप 'थाळी' झाले.

संगीताच्या हक्कांविषयीचा आपला आग्रह मात्र मला मान्य आहे. सुरुवातीला आम्ही एका जुन्या चित्रपटातले गाणे लावले होते. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे राहतो आणि गीतकार-संगीतकारांचे हक्क त्याहून वेगळे मोजले जातात, हे कळल्यावर ते काढले आणि आईची ओवी मोबाइलवर घेतली. महोत्सवाला हक्कपत्र हवे होते. आईने ते पुन्हा पुन्हा वाचायला लावले, मग खाली सही केली आणि विचारले की आता ही ओवी मी घरात म्हणायची की नाही.

शुल्काविषयी जरा सविस्तर लिहिते, हिशेब हा माझा धंदाच आहे. चित्रपटाला एकूण ६,८५० रुपये लागले. त्यात दोन एलईडी दिवे, तार, प्लॅस्टिसिन, एक जुना ट्रायपॉड आणि मोबाइलवरच्या ॲपचे पैसे आले. प्रवेशशुल्कापोटी गेले ९,४०० रुपये. म्हणजे चित्रपट करण्याहून तो पाठवणे महाग पडले. फिल्मफ्रीवेसारख्या संकेतस्थळावरून अर्ज भरणे सोपे झाले आहे हे मान्य. तिथे प्रत्येक महोत्सव आपले शुल्क आपण ठरवतो, लवकर भरणाऱ्याला कमी आणि उशिरा भरणाऱ्याला जास्त. यातली मेख अशी की आमच्यासारख्याला लवकर भरणे कधी जमत नाही, कारण शेवटचे चाळीस सेकंद संपायला पाऊसकाळ उजाडतो. काही ठिकाणी शुल्क डॉलरमध्ये होते. त्यासाठी बँकेत जाऊन कार्डावर परदेशी व्यवहार सुरू करून घ्यावा लागला, आणि काउंटरवरच्या गृहस्थांनी ताई फसवल्या तर जात नाहीत ना, अशा काळजीने दोनदा चौकशी केली. सभागृहाचे भाडे, यंत्रे, पाहुण्यांची व्यवस्था यांना पैसा लागतो आणि तो कुठून तरी यायला हवा, हे मला कळते. पण ९० मिनिटांच्या चित्रपटाला आणि चार मिनिटांच्या चित्रपटाला शुल्कात जेमतेम दुपटीचाच फरक असावा, हे कोणत्या हिशेबात बसते? लांबीच्या प्रमाणात शुल्क ठेवले आणि हौशींसाठी थोडी सवलत दिली, तर आपले फारसे बिघडेल असे मला वाटत नाही.

शुल्क कितीही असो, ते घेतले की एक गोष्ट आपल्यावर बंधनकारक होते, आणि हे पत्र मुख्यतः तिच्यासाठी आहे: चित्रपट पाहणे. आम्ही ज्या महोत्सवांना संकेतशब्द घातलेला खासगी दुवा पाठवला, त्या दुव्यावर कधी, किती वेळा आणि किती सेकंद चित्रपट चालला याची नोंद आम्हाला दिसते. निकाल जाहीर झाल्यानंतर पाहिले, तर तीन दुव्यांवर आकडा शून्य होता. आणखी दोन ठिकाणी चित्रपट चाळिसाव्या सेकंदाच्या आत बंद केला होता. कोणी प्रत उतरवून घेऊन दुसरीकडे पाहिली असेल तर ती नोंद येत नाही, ही शक्यता मी मनात धरली आहे. पण त्या तिघांकडे आम्ही प्रत उतरवून घेण्याची सोय ठेवली नव्हती, तेव्हा तिथे ही शंकाही उरत नाही. चाळिसाव्या सेकंदापर्यंत आमच्या चित्रपटात बाई फक्त पाने कापते. पहिली विडी ४८व्या सेकंदाला वळली जाते.

माझ्या आईच्या कामात छाट नावाचा प्रकार होता. दिवसभर वळलेल्या हजार विड्या कारखान्यात नेऊन दिल्या की तपासनीस त्या हाताने चाळायचा, आणि सैल, वाकडी, तोंड नीट न मिटलेली विडी बाजूला काढायचा. ती छाट. तिचे पैसे मिळत नसत. त्यात अन्याय पुष्कळ होता, बायका त्यावरून भांडल्या, संघटित झाल्या, आणि त्या भांडणाचा सोलापूरला मोठा इतिहास आहे. पण छाट निघायची ती समोर निघायची. कोणती विडी नापास झाली हे आई डोळ्यांनी बघायची, दुसऱ्या दिवशी दोरा एक वेढा जास्त घालायची. मला दर महोत्सवाच्या निकालानंतर ती एवढेच विचारते, "का छाटला?" आणि मला सांगता येत नाही. आपल्या नकारपत्रांत लिहिलेले असते की यंदा विक्रमी संख्येने उत्तम प्रवेशिका आल्या आणि निवड करणे समितीला अत्यंत कठीण गेले. हे वाक्य मी आईला एकदा वाचून दाखवले. ती म्हणाली, "मग आपली कोणती ते सांगितलंच नाही की."

निवड समितीत बसणारे बहुतेक जण विनामोबदला काम करतात, शेकडो प्रवेशिका पाहतात आणि त्यांच्याही घरी कामे असतात, हे मी जाणते. म्हणून सविस्तर परीक्षण मागत नाही. पाच मिनिटांच्या आतला चित्रपट एका तरी सदस्याने पूर्ण पाहावा आणि त्याने दोन ओळी लिहाव्यात, त्या कठोर असल्या तरी चालतील. 'सुरुवात लांबली', 'आवाज फुटतो', 'बाईचा हात उत्तम, चेहरा मेलेला' एवढ्यानेही आमचे पुढचे वर्ष सुधारते. ते झेपणार नसेल तर प्रवेशिकांची संख्या मर्यादित ठेवावी आणि ती भरली की अर्ज बंद करावा. न पाहता येतील इतक्या प्रवेशिका शुल्कासह घेत राहणे, हे मला, सौम्य शब्दांत, अप्रामाणिकपणाचे वाटते. दर महिन्याला 'आंतरराष्ट्रीय' महोत्सव भरवून सगळ्यांना पानांच्या वेलीत गुंफलेले बिरुद वाटणाऱ्या आणि मानचिन्हासाठी पुन्हा पैसे मागणाऱ्या मंडळींविषयी मी इथे लिहीत नाही. त्यांना पत्र लिहून उपयोग नाही, आणि तुम्ही त्यांच्यातले नाहीत, असे धरून मी हे लिहीत आहे.

दाखवण्याविषयी एक तांत्रिक गोष्ट, आणि ती नव्या माणसांच्याही उपयोगाची आहे. दुसऱ्यांदा आमचा चित्रपट निवडला गेला तेव्हा खेळ मुंबईत होता. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून आम्ही तिघे पोहोचलो. आईने ठेवणीतले इरकल नेसले होते. आम्ही २४ चित्रांच्या गतीची फाइल दिली होती. आयोजकांनी सगळे चित्रपट एका साखळीत जोडताना ती २५ची करून घेतली. साध्या चित्रणात हे डोळ्यांना जाणवतही नाही. स्टॉप-मोशनमध्ये मात्र संगणकाने गती जुळवण्यासाठी दोन शेजारच्या चित्रांची सरमिसळ केली की हलणाऱ्या वस्तूची भुताटकी दिसते. आमच्या बाईच्या हाताला क्षणभर आठ-नऊ बोटे फुटत होती आणि विडी दोन ठिकाणी एकदम होती. सरमिसळ न करता नुसती गती वाढवली असती तर २६० सेकंदांचे जेमतेम २५० झाले असते आणि ओवीचा सूर चढला असता. तेही वाईटच, पण बोटे तरी पाचच राहिली असती. सभागृहातल्या लोकांनी ते आमचेच अज्ञान समजले असणार. आई शेवटी म्हणाली की हात मात्र माझ्याहून भराभर चालतोय. आपण मूळ गतीतच दाखवू शकत नसाल तर आधी कळवा, आम्ही तशी प्रत घरी करून पाठवू. डीसीपी, म्हणजे चित्रपटगृहात दाखवायची डिजिटल प्रत, करण्याचे मोफत सॉफ्टवेअर आता मिळते आणि भाच्याने ते शिकून घेतले आहे. खेळाच्या आदल्या दिवशी दहा सेकंद चालवून पाहण्याची मुभा द्या. विणकर नवा ताणा मागावर चढवला की चार बोटे विणून पाहिल्याशिवाय पुढे जात नाही.

प्रथम-प्रदर्शनाच्या अटीविषयी थोडक्यात. मोठ्या महोत्सवांना नवा, कुठेही न दाखवलेला चित्रपट हवा असतो हे समजू शकते. पण चार मिनिटांच्या हौशी चित्रपटाला ही अट लावल्याने असे झाले की चौदा महिने आम्ही तो यूट्यूबवर ठेवू शकलो नाही, आणि ज्यांच्या हातांकडे पाहून ती बाहुली घडवली त्या बायकांना तो दाखवायचा तर चोरून दाखवावा लागला. वाड्याच्या चौकात चादर बांधून चाळीसेक जणींनी तो पाहिला. अर्जात 'यापूर्वी सार्वजनिक प्रदर्शन झाले आहे काय' या प्रश्नाला मी 'नाही' लिहिले आणि हिशेबनीस असूनही खोटी नोंद केली. वाड्यातले, शाळेतले, गावजत्रेतले प्रदर्शन या अटीतून वगळले, तर पुढच्या वेळी मला खरे लिहिता येईल.

शेवटी एक प्रस्ताव आहे. एमील रेनो यांनी २८ ऑक्टोबर १८९२ रोजी पॅरिसमध्ये आपली हलती चित्रे लोकांना पहिल्यांदा दाखवली, म्हणून तो दिवस जगभर अ‍ॅनिमेशन दिन मानला जातो. आपल्यापैकी जो महोत्सव तयार असेल त्याने त्या सुमारास आपल्याकडे आलेल्या, निवडलेल्या आणि न निवडलेल्याही, हौशी स्टॉप-मोशनपटांचा तासाभराचा खेळ सोलापुरात लावावा. कर्त्यांची परवानगी घेण्याचे काम आम्ही करू. हुतात्मा स्मृती मंदिर मिळाले तर उत्तमच; नाही मिळाले तर कुंभारीच्या विडी कामगारांच्या वसाहतीत मोकळी जागा आहे आणि पडद्यासाठी नक्षी नसलेली पांढरी चादर सोलापुरातही मिळते. निवड समितीतले एकच सदस्य आले तरी पुरे, मात्र त्यांनी खेळ संपल्यावर अर्धा तास थांबावे. राहण्याची सोय आमच्या घरी होईल. माग अकराला थांबतात, त्यानंतर झोप लागते. जेवणात कडक भाकरी आणि शेंगाचटणी असेल, तिखट कमी हवे असल्यास आधी कळवावे.

आमचा नवा चित्रपट सुरू झाला आहे. यातल्या बाईला पापण्या आहेत, वरच्या आणि खालच्या मिळून सहा जोड, प्रत्येक थोडी जास्त मिटलेली. पहिले अकरा सेकंद झाले आहेत.

कळावे.

आपली,
सोलापुरातील एक हौशी बाहुलीपटकार

ता. क. : आधीच्या चित्रपटाची २४ आणि २५ अशा दोन्ही गतींची प्रत तयार आहे. ज्या पाच महोत्सवांकडून उत्तर आलेले नाही, त्यांनी पुन्हा शुल्क न मागता ती पाहायची ठरवल्यास दुवा तोच आहे.